पाच जणांची पाच कारणं : सांगलीतल्या एका विद्यार्थ्याच्या नैराश्याचं प्रकरण

विद्यार्थी २० वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, शाखा मेकॅनिकल. गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पलीकडं. सांगलीत विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहायचा. मार्चमध्ये कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली, त्यात त्याचं नाव अगदी वर होतं, म्हणून टीजी (टीचर गार्डियन, म्हणजे पालक-शिक्षक) सरांनी माझ्याकडं समुपदेशनासाठी पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच : ‘अभ्यासात सीरियस नाही. घरी खोटं सांगतो.’ वरवर पाहता दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

हे प्रकरण त्याच्या संमतीनं मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिली भेट

काय होतंय असं विचारलं तर म्हणाला, “मॅडम, डोस्कंच चालंना झालंय.” पुस्तक उघडून बसतो, तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो, पण पान संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते आठवत नाही. पहाटे चारपर्यंत जागा. उठायला अकरा-साडेअकरा, तोवर दोन लेक्चरं आणि एक प्रॅक्टिकल गेलेलं. मग आता जाऊन काय उपयोग, म्हणून दुपारही खोलीवरच. शाळेपासून व्हॉलीबॉल खेळायचा, ते कधी सुटलं हे त्याला सांगता येईना.

बोलताना हसत होता, मित्रांच्या गमती सांगत होता. नैराश्यातलं पोर म्हणजे दाढी वाढलेलं, रडवेलं, अशी आपली समजूत असते. हा इस्त्रीच्या शर्टात आला होता. पट्ट्याला मात्र खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं. दिवाळीपासून वजन सहा-सात किलोंनी उतरलं होतं आणि त्याबद्दल घरी कुणाला माहीत नव्हतं, कारण दिवाळीनंतर घरच्यांनी त्याला पाहिलेलंच नव्हतं.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत आहे. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांचं काय झालं ते ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी; १५ ते १९ म्हणजे मध्यमपेक्षा वरचं, २० पासून पुढं तीव्र. त्याचे १८ आले. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, ते डॉक्टरांनी करायचं. पण ‘सीरियस नाही’ या शेऱ्यापेक्षा १८ हा आकडा नक्कीच जास्त सांगणारा होता.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथं त्यानं ‘काही दिवस’ या रकान्यात खूण केली होती. हा प्रश्न तोंडी विचारायला बरेच शिक्षक बिचकतात. आपण विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात येईल, ही भीती. तसं होत नाही. विचारल्यानं बोलणाऱ्याला मोकळं वाटतं असाच अनुभव आहे आणि संशोधनही त्याच बाजूचं आहे. मी सरळ विचारलं. “मरायचं असं काय नाही. पण रात्री झोपलो की सकाळी उठूच नये असं वाटतं.” काही ठरवलंय का, पूर्वी कधी प्रयत्न केलाय का, हेही विचारलं. दोन्हीला नाही म्हणाला. तरी मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच दिवशीची घेतली. रूममेटपैकी कुणाला सांगायचं ते त्यानं ठरवलं. रात्री-अपरात्रीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फोनमध्ये सेव्ह करायला लावला. केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं.

प्रत्येकाचं आपलं एक कारण

त्याला विचारून मी मग इतरांशी बोलले.

आईच्या मते हे मेसच्या खाण्यामुळं. रक्ताच्या तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं तेव्हा फोनवर त्यांचा आवाजच बदलला : “बघा, मी म्हणत नव्हते?” घर माळकरी, पोरगं पक्कं शाकाहारी. आपल्याकडं बी-१२ कमी निघणं इतकं सर्रास आहे की त्यात नवल नव्हतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक होतं. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली आणि स्पष्ट सांगितलं की त्यानं थकव्यात भर पडली असेल, पण हे सगळं काही त्याच्यामुळं झालेलं नाही.

वडिलांचं कारण मोबाइल. टीजी सरांचं आळस. रूममेटचं कारण वर्गातली एक मुलगी. तिच्याशी याचं फारसं बोलणंही झालेलं नव्हतं, पण वीस वर्षांच्या पोराला काही झालं की मित्रांना दुसरं सुचत नाही. आणि त्याचं स्वतःचं कारण : “मी हितं यायच्या लायकीचाच नव्हतो.” सगळ्यांत काळजीचं हे होतं, कारण हे त्याच्या तोंडून आजारच बोलत होता.

एका माणसामागं एकच कारण लावायची खोड घरच्यांनाच असते असं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्या अहवालात कारणांचे रकाने असतात : परीक्षेतलं अपयश, प्रेमप्रकरण, कौटुंबिक अडचणी, आजारपण. वर्तमानपत्रं त्यातला एक रकाना उचलून मथळा करतात. पोलिसांना रकाने लागतात हे समजू शकतं. समुपदेशनात ते चालत नाही, कारण पुढं काय करायचं हे कारण कुठलं धरलं यावर ठरतं. मोबाइल धरला तर मोबाइल काढून घेणार. आळस धरला तर दम देणार. या प्रकरणात दोन्ही करून झालेलं होतं.

यूपीआयचा इतिहास

हे कधीपासून, असं विचारलं तर म्हणाला, “पहिल्यापासूनच.” नैराश्यात आठवण अशीच दगा देते, वाईट तेवढं ठळक आठवतं आणि बरे दिवस होते हेच माणूस विसरतो. म्हणून आम्ही त्याच्या फोनवरचा यूपीआयचा इतिहास उघडला, मागं मागं सरकवत नेला आणि जर्नलच्या कोऱ्या पानावर महिने मांडले.

जुलैपर्यंत रोज सकाळी आठच्या आसपास चहा-पोह्यांचे पैसे गेलेले. रविवारी संध्याकाळी भडंग, कधी उसाचा रस, ग्राउंडवरून येताना. ११ ऑगस्टला विट्याचं एसटीचं तिकीट, १४ ला परतीचं. ऑगस्ट संपेपर्यंत सकाळचा चहा दोन-तीन दिवसांआड. सप्टेंबरमध्ये नव्या घरमालकाला डिपॉझिट. ऑक्टोबरात मेसचे पैसे अर्ध्याच महिन्याचे. रविवारच्या नोंदी बंद. नोव्हेंबरपासून पहाटे तीन-साडेतीनच्या वेळा दिसायला लागल्या, बहुतेक गेमसाठी दहा-वीस रुपये.

तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल फेब्रुवारीत लागला. तीन विषय राहिले, त्यात एम थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित. सगळे धरून चालले होते की विषय राहिले म्हणून पोरगं खचलं. पानावर दिसत होतं ते उलटं : झोप आणि भूक गेली आधी, परीक्षा नंतर, निकाल त्याच्याही नंतर. तेच मोबाइलचं. रात्रीचा गेम आला तो झोप उडाल्यावर, वेळ काढायला. पुढं त्या गेमनं उरलीसुरली झोपही घालवली हे खरं, पण सुरुवात तिथून नव्हती. झोप न लागणाऱ्यांना पुढं नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या वसतिगृहांत मात्र रात्रभर जागणं म्हणजे ‘इंजिनिअरिंग लाइफ’ समजलं जातं.

ते पान बघून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे मी फर्स्ट इयरला बरा होतो की.” पहिल्या वर्षाची मार्कलिस्ट त्याच्याच फाइलमध्ये होती. सगळे विषय सुटलेले.

११ ऑगस्ट

त्या दिवशी आजी गेली होती.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. दुकान केरळात, तमिळनाडूत नाहीतर पंजाबात. शेत, घर आणि म्हातारी माणसं इकडं. याच्या वडिलांचं दुकान तमिळनाडूतल्या एका लहान शहरात आहे. आई तिकडंच. मुलगा सहा वर्षांचा झाला तसा मराठी शाळेसाठी गावी आजीकडं आणून ठेवला. आईवडील दिसायचे दिवाळीला आणि गावच्या यात्रेला.

गलाईवाल्यांच्या घरात यात वेगळं काही नाही. त्याचे दोन चुलतभाऊ असेच वाढले आणि ठणठणीत आहेत. त्यामुळं ‘आईबापापासून तुटलेलं पोर, मग हे होणारच’ असं मी म्हणणार नाही. पण आजी गेल्यावर त्याचं काय गेलं हे या व्यवस्थेकडं पाहिल्याशिवाय कळत नाही. भावकीच्या हिशेबात ऐंशीच्या पुढची म्हातारी होती, हिंडती-फिरती गेली, सोनं झालं. त्याच्या हिशेबात रोज रात्री साडेनऊला ‘जेवलास का’ विचारणारा फोन बंद झाला. कॉलेजची इंटर्नल परीक्षा होती म्हणून तिसऱ्या दिवशी सांगलीला परतला. तेराव्याला गेला नाही. दिवसकार्याला सुट्टी मागितली तर सर काय म्हणतील, असं वाटलं. सरांना त्यानं विचारलंच नव्हतं.

त्याच महिन्यात विट्याचा जुना रूममेट बदली घेऊन पुण्याच्या कॉलेजात गेला. दोघांची खोली परवडेना म्हणून सप्टेंबरमध्ये हा चौघांच्या खोलीत आला. तिघं वेगळ्या कॉलेजचे, एकमेकांचे जुने दोस्त. आणि तिसऱ्या सेमिस्टरचे विषय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पहिल्या वर्षी तो इंग्रजी पुस्तकाशेजारी मराठीत टिपणं काढून भागवायचा, आणि ती टिपणं काढायला बसायचा तो त्या पुण्याला गेलेल्या मित्राबरोबर.

आजी हेच ‘खरं कारण’ असं म्हणायचा मोह मला झाला होता. गोष्ट म्हणून ते शोभतं. पण मित्र सांगलीत राहिला असता, किंवा इंटर्नल आठ दिवस उशिरा असती, तर हाच मुलगा दुःखातून आपोआप सावरला असता असं मला वाटतं. बहुतेक जण सावरतात. इथं सहा आठवड्यांत तीन आधार गेले आणि चौथा उरला नव्हता.

घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का, याचं उत्तर पहिल्यांदा ‘नाही’ असं मिळालं. पुढं वडील आले तेव्हा धाकट्या चुलत्याचा विषय निघाला. पंचविशीत दोन वर्षं घराबाहेर पडले नव्हते, देवस्कीपणही करून झालं होतं. घरात त्याला आजार कुणी म्हणत नव्हतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के मानतात. म्हणजे जमीन थोडी तयार असते, पीक येतंच असं नाही. वयाचंही तसंच : आयुष्यात मानसिक आजार होणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश जणांना तो चोविशीच्या आत सुरू झालेला असतो. कॉलेजची वर्षं नेमकी तीच.

लपवण्याची किंमत

चिठ्ठीतलं ‘घरी खोटं सांगतो’ हे टीजी सरांनी स्वभावदोष म्हणून लिहिलं होतं. मी त्याला या प्रकरणातला मुख्य दुवा मानते.

फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा त्यानं वडिलांना सांगितलं, “ऑल क्लिअर, फर्स्ट क्लास.” वडिलांनी ते गलाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अभिनंदनाचे हात जोडलेले, अंगठे दाखवलेले पन्नासेक मेसेज. त्यात गावच्या सरांचाही. तिथून पुढं प्रत्येक फोन म्हणजे नवं खोटं. मार्कलिस्टचा फोटो पाठव म्हटलं की सर्व्हर डाऊन. मग फोन घेणंच कमी झालं. मित्रांनाही खरं सांगता येईना, कारण गावाकडचे चार जण त्याच कॉलेजात. वर्गात गेलं की बॅकलॉगचा विषय निघणार, म्हणून वर्ग बंद. वर्ग बंद म्हणून हजेरी कमी. हजेरी कमी म्हणून सबमिशन अडलं.

आजी, मित्र, खोली यांनी आजार सुरू केला असेल. तो मार्चपर्यंत टिकवला लपवालपवीनं. आणि मदत मागायची वाटही तिनंच बंद केली, कारण मदत मागायची तर आधी खोटं उघडं करावं लागणार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी साधारण ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. डॉक्टरांची कमतरता हे त्याचं एक कारण. मिरज-सांगलीत डॉक्टरांची वाण नाही. विद्यार्थी तिथवर का जात नाही, ते अशा प्रकरणांतून कळतं.

उपचार

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी उलट बाजूही विचारून घेतली : झोप न घेता चार-चार दिवस जोशात, वारेमाप खर्च, अखंड बडबड असं कधी झालं होतं का? द्विध्रुवी आजार असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीनं तो उसळू शकतो. तसं काही नव्हतं. एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमवर सुरू झाली, मग १०. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला तगमग किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना यावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून पहिला महिनाभर दर आठवड्याला भेट ठेवली.

माझ्या बाजूचं काम फार साधं होतं आणि त्याला ते हास्यास्पद वाटलं. पहिल्या आठवड्यात अभ्यास नाही. साडेसातला उठायचं, कितीही वाजता झोपलेला असलास तरी. चालत टपरीवर जायचं, चहा तिथंच उभं राहून प्यायचा, पार्सल नाही. “मॅडम, एम थ्रीचं काय?” एम थ्री राहू दे म्हटलं. उत्साह आला की कामाला लागू, असं आपण धरून चालतो. नैराश्यात उत्साहाची वाट बघत बसलं तर तो येत नाही, आधी हालचाल करावी लागते. वहीत दोन रकाने : केलेल्या गोष्टीत मजा किती आली, आणि जमलं किती, दहापैकी. पहिल्या आठवड्यात मजेच्या रकान्यात शून्याची रांग होती. ‘जमलं’मध्ये दोन, तीन, पुन्हा दोन. ग्राउंडवर पहिल्यांदा गेला तो नुसता कडेला बसून आला. नंतर एकदा सहावा गडी कमी पडला म्हणून त्याला ओढला. त्या दिवशीचा मजेचा आकडा चार.

वडील

घरी खरं सांगणं हा सगळ्यात अवघड भाग. फोन माझ्या खोलीतून लावला. मागं दुकानाचा आवाज येत होता. त्यानं एका दमात सांगितलं : तीन विषय राहिलेत, फर्स्ट क्लास नव्हता, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. बराच वेळ काही नाही. मग वडील म्हणाले, “मग ये हिकडं. दुकान बघ.” आणि फोन ठेवला.

पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याला ऐकू आलं ते हे : शिक्षण संपलं, तुझ्यानं होणार नाही, भट्टीवर बस.

दहा-बारा दिवसांनी वडील आले. मी त्यांना तेच वाक्य विचारलं. ते गोंधळले. “मी काय वाईट म्हणलो? एकटं राहतंय हितं, वजन उतरलंय म्हणता. आईच्या हातचं खाईल, आमच्यापाशी राहील, म्हणून म्हणलो ये.” मुलगा शेजारीच बसला होता. या घरात चौदा वर्षं सगळं बोलणं फोनवर आणि ते पैसे, फी, यात्रा, तब्येत एवढ्यापुरतं झालेलं. दोघांनाही एकमेकांचा सूर ओळखता येत नव्हता. त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. वडिलांचे पुढचे प्रश्न रोखठोक होते. फी किती बुडणार? गोळ्यांची सवय लागंल का? गोळ्यांची चटक लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटल्यावरही किमान सहा महिने तरी चालू ठेवायच्या, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. फीचं उत्तर कुणाकडंच गोड नव्हतं.

मे महिन्यात त्यानं ठरवून निम्मेच पेपर दिले. वर्ष गेलं, इयर डाऊन. जून-जुलै तो तमिळनाडूत आईवडिलांकडं राहिला, दुकानात बसला. सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडं सलग एवढा तो राहिला नव्हता. तिथून परतताना पीएचक्यू-९ चे गुण ६ होते.

ऑगस्टमध्ये, आजीच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास, झोप पुन्हा बिघडली आणि गुण १२ वर गेले. यावेळी त्यानंच फोन केला. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी करायचं ठरलं होतं ते पुढं ढकललं, भेटी पुन्हा आठवड्यावर आणल्या. तो गावी जाऊन आठवडाभर राहून आला. सप्टेंबरअखेर आकडा ७.

कॉलेज

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला दिलेल्या निर्देशांत, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं म्हटलं आहे. ते व्हायलाच हवं. पण मी पाहिलेल्या काही कॉलेजांत समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनला लागून, दारावर मोठ्या अक्षरात पाटी, समोर फी काउंटरची रांग. त्या दारातून कोण आत जाईल?

या कॉलेजात टीजी सरांशी मी दोनदा बसले. चिठ्ठी लिहिणारे तेच सर. माणूस वाईट नाही. साठ पोरांचे ते टीजी, वर दोन विषय आणि नॅकच्या मूल्यांकनाचं काम. आम्ही या मुलाची बायोमेट्रिक हजेरी काढून पाहिली. जुलैत ९० टक्के, ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात ५५, ऑक्टोबरात ३०. सगळं संगणकात होतं, सप्टेंबरपासून. डिफॉल्टर लिस्ट लागली मार्चमध्ये, कारण ती हॉल तिकिटासाठी काढतात. आता त्यांच्या विभागात दर पंधरा दिवसांनी फक्त घसरण बघतात : आधी नियमित येणारा विद्यार्थी अचानक यायचा थांबला का. थांबला असेल तर टीजी सर फोन करतात, आणि पहिल्या फोनमध्ये हजेरीचा विषय काढायचा नाही असं ठरलंय. पहिल्या सेमिस्टरमध्ये अशा फोनांमधून चार विद्यार्थी माझ्याकडं आले. एकाला कावीळ झाली होती, एकाच्या घरी वाटणीचं भांडण होतं, दोघांना उपचारांची गरज होती.

हा मुलगा आता दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसतो. एम थ्री सुटला, एक विषय अजून राहिलाय. डिसेंबरच्या परीक्षेनंतर गोळी कमी करायची का, ते डॉक्टर ठरवणार आहेत.